मांजराचा चावा: तीन रविवार, एक बुधवार आणि मधला एक सोमवार

रविवार, 12 जानेवारी 2025, संध्याकाळचे सव्वासहा. गोठ्यात सुतळीच्या गुंत्यात एका मांजराचा मागचा पाय अडकला होता. एका हातात विळा घेतला आणि दुसऱ्या, उघड्या हाताने मांजर धरायला गेले. चूक तिथेच झाली. आधी अंगावर जाड गोणपाट टाकायला हवं होतं. मांजराने उजव्या तर्जनीच्या बुडाशी दोन आणि अंगठ्याखालच्या गादीवर दोन दात रुतवले, हिसका देऊन सुतळी तोडली आणि कौलांवरून पसार झालं. ते पाळलेलं नव्हतं. चार घरी दूध पिणारं, राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचं. नक्की कुणाचं, ते गल्लीत कुणालाच सांगता येईना.

चार भोकं, त्यातली दोन टाचणीच्या टोकाएवढी. रक्ताचे तीन-चार थेंब आले तेवढेच. पुसल्यावर जखम शोधावी लागत होती, आणि मांजराच्या बाबतीत माणूस फसतो तो इथेच. कुत्र्याचा दात मांस फाडतो, ते बघून घरातलं कुणीतरी लगेच गाडी काढतं. मांजराचा सुळा दाभणासारखा बारीक. तो आत सांध्यापर्यंत जातो, वरची कातडी मिटते आणि लाळ आत कोंडून राहते. पुढच्या 28 दिवसांत जे विचारत फिरावं लागलं आणि ज्यासाठी दोनदा खेटे पडले, ते तारखांसकट लिहून ठेवते आहे.

पहिली पंधरा मिनिटं नळाखाली. त्याआधी त्या हातातली अंगठी आणि बांगड्या उतरवल्या. हे लगेच करा. दोन तासांनी सूज चढली की अंगठी कापूनच काढावी लागते. मग फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावला. गजर हवाच, कारण हात धरून उभं राहिलं की तिसऱ्या मिनिटालाच ‘झालं की आता’ असं वाटायला लागतं. साबण कुठलाही चालतो, अंगाचा किंवा कपड्याचा. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं वेष्टण असतं, साबणाने ते विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. वाहत्या पाण्याने लाळ धुऊन निघते. नुसतं पाणी किंवा नुसतं डेटॉल पुरेसं नाही. भोक बारीक असेल तर बोट हलकेच वाकवत-उघडत राहायचं, म्हणजे जखमेचं तोंड उघडतं आणि पाणी आत शिरतं. दाबून रक्त काढू नका, ब्रशने घासू नका. नळ नसेल तर कुणाला तरी तांब्याने धार धरायला सांगा. बादलीत हात बुडवून ठेवणं हे धुणं नव्हे. शेवटी पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे आपलं बीटाडीन, लावलं आणि हात उघडाच ठेवला. पट्टी नाही.

तोवर शेजारपाजार जमला होता. हळद, चुना, लाल तिखट, कुणी तंबाखूची पूड सुचवली. यातलं काहीही लावलं की जखम चिडते, घाण आत बसते, आणि डॉक्टरला पुन्हा धुताना दुप्पट वेळ लागतो. सासूबाई हळदीचा डबा घेऊन उभ्या होत्या. “अगं, हळद काय वाईट करते?” त्यांचा राग सोसला, पण हळद लावू दिली नाही.

सात वाजता गावातल्या एका दवाखान्यात गेलो. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं आणि “घरगुती मांजराला एवढं काही लागत नाही” असा सल्लाही. 150 रुपये झाले. इंजेक्शन योग्य होतं. खोल जखम असेल आणि आधीचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर ते घ्यावंच. सल्ला मात्र धोक्याचा होता. मांजराला रेबीज होतो आणि मांजरापासून माणसालाही होतो. माकड, मुंगूस, कोल्हा यांच्या बाबतीतही तसंच. घरातला उंदीर चावला तर एरवी लस लागत नाही.

ग्रामीण रुग्णालय 11 किलोमीटरवर. रविवारी ओपीडी बंद असते, पण अपघात विभाग चालू असतो आणि चाव्याची लस तिथे मिळते. केसपेपरला पैसे लागले नाहीत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. नोंदवहीत बरंच काही विचारतात: प्राणी कोणता, पाळीव की भटका, चावा किती वाजता, शरीरावर कुठे, जखम धुतली का, आधी कधी रेबीजची लस घेतली होती का. आणखी एक प्रश्न असतो, छेडल्यावर चावलं की आपणहून. ‘मीच धरलं होतं’ म्हणजे धोका नाही, अशी पुष्कळांची समजूत आहे. आपल्याकडे रेबीज इतका पसरलेला आहे की या उत्तरावर लस थांबवत नाहीत, आणि थांबवूही नये.

डॉक्टरांनी केसपेपरवर ‘कॅट 3’ लिहिलं. ते वाचून नवरा म्हणाला, “तिसरं मांजर कुठून आलं?” कॅट म्हणजे कॅटेगरी. पहिल्या वर्गात नुसता स्पर्श किंवा धडधाकट कातडीला चाटणं. उपचार नाही, धुतलं की झालं. दुसऱ्यात रक्त न आलेला ओरखडा किंवा उघड्या कातडीला कुरतडणं, त्याला लस. तिसऱ्यात कातडीच्या आरपार गेलेला कुठलाही दात किंवा नख, फुटलेल्या कातडीवर पडलेली लाळ, डोळ्यात-तोंडात उडालेली लाळ; त्याला लस आणि शिवाय सिरम, म्हणजे जखमेतच टोचायचं वेगळं इंजेक्शन. रक्ताचा एक थेंब आला तरी तिसरा वर्ग. जखमेचा आकार इथे मोजत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचा फरक नीट लक्षात ठेवा, कारण सिरम मिळणार की नाही ते यावरच ठरतं. रक्त पुसून गेला असाल तर ‘रक्त आलं होतं’ हे आपण होऊन सांगा.

“कुत्रं का?” सिस्टरनी विचारलं.

“मांजर.”

“मग तेच. बाह्या वर करा ताई, दोन्ही.”

लस मिळाली आठ वाजून पाच मिनिटांनी. सरकारी दवाखान्यात ती बहुतेक ठिकाणी कातडीत देतात: इन्सुलिनच्या बारीक सिरिंजने दोन्ही दंडांवर प्रत्येकी 0.1 मिली. सुई जवळजवळ आडवी जाते आणि कातडीवर मसुराएवढा फिका फुगा उठतो, वर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे दिसतात. हा फुगा स्वतः बघून घ्या. तो उठला नाही तर लस कातडीखाली उतरली. तशी ती धरत नाहीत, शेजारी पुन्हा टोचतात. माझा डावा फुगा उठला नाही. मी बोट दाखवलं, सिस्टरनी न कुरकुरता दुसऱ्यांदा दिलं. टोचल्यावर चोळायचं नाही. लस कुल्ल्यावर कधीही घेऊ नये. तिथे चरबीत ती नीट काम करत नाही. मोठ्यांना दंड, लहान बाळांना मांडीची पुढची-बाहेरची बाजू.

एका बाटलीतून असे पाच ते दहा टोचे निघतात आणि बाटली फोडल्यावर थंड ठेवून आठेक तासांतच संपवावी लागते. म्हणून काही ठिकाणी ‘अजून दोन-तीन पेशंट येऊ देत’ म्हणून बसवून ठेवतात. तासभर थांबणं ठीक आहे. ‘उद्या या’ हे मात्र ऐकून घेऊ नका, निदान पहिल्या डोसला तरी नाही.

आता सिरम. या साऱ्या खटाटोपात लोकांकडून सर्वांत जास्त सुटतं ते हेच, म्हणून इथे जरा थांबते. लस शरीराला स्वतःची प्रतिद्रव्यं (विषाणूला निकामी करणारे घटक) बनवायला शिकवते, पण ती पुरेशी तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे जातात. विषाणू जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरून हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुधा त्याला एक ते तीन महिने लागतात, पण हात, चेहरा, मान अशा मज्जातंतूंनी भरलेल्या जागी चावा असेल तर कमीही लागतात. लस कामाला लागेपर्यंतचे दिवस भरून काढतं ते सिरम. त्यात तयार प्रतिद्रव्यं असतात आणि ती चाव्याच्या जागीच, जखमेच्या आत टोचायची असतात, विषाणू तंतूत शिरायच्या आधी. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्यच. त्यामुळे नंतर करता येण्यासारखं काही उरत नाही.

ग्रामीण रुग्णालयात सिरम शिल्लक नव्हतं. “सिव्हिलला मिळेल,” एवढंच सांगून सोडत होते. तिथे दोन गोष्टी मागून घेतल्या. एक, चिठ्ठी: वर्ग 3, जखमा कुठे, लसीचा पहिला डोस किती वाजता आणि कसा दिला, ‘सिरम द्यावे’. दुसरी, डॉक्टरांनी सिव्हिलच्या अपघात विभागाला फोन करून साठा आहे का ते विचारावं. या फोनला चार मिनिटं लागली. तो केला नसता तर 46 किलोमीटर जाऊन हात हलवत परत यावं लागलं असतं. सोमवारी रांगेत तसा अनुभव आलेले दोघे भेटलेच. सिरम पहिल्या डोसबरोबरच मिळावं हे उत्तम. नाहीच मिळालं तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत कधीही घेता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर लसीची प्रतिद्रव्यं यायला लागलेली असतात. म्हणून सिरम नाही म्हणून लस थांबवू नका, आणि लस घेतली म्हणून सिरम विसरू नका.

एक गोष्ट मागायची राहिली: प्रतिजैविक. रात्री फक्त वेदनाशामक घेऊन घरी आलो. मांजराच्या तोंडात पाश्चरेला नावाचे जिवाणू असतात आणि ते वेळ दवडत नाहीत. पहाटे चारला ठणक्याने जाग आली. तर्जनी लाल, गरम, फुगलेली. बारा तासही झाले नव्हते.

सोमवार, 13 जानेवारी, भोगी. सकाळी सात-दहाची एसटी पकडली, बायकांना अर्धं तिकीट. सिव्हिलमध्ये साडेआठला केसपेपरच्या रांगेत, सव्वानऊला अपघात विभागात. तिथे आधी वजन करतात, कारण सिरमची मात्रा वजनावर असते. चपला, पर्स बाजूला ठेवून उभं राहा आणि आकडा केसपेपरवर लिहिला का ते बघा. सरकारी दवाखान्यात बहुधा घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं सिरम मिळतं: किलोमागे 40 युनिट. माझं वजन 62, म्हणजे 2480 युनिट. एका मिलीत 300 युनिट असतात, म्हणजे 8.27 मिली, पाच मिलीच्या दोन बाटल्या. चौदा किलोच्या मुलाला 560 युनिट, पावणेदोन मिलीच्या जरा वर. माणसाच्या रक्तापासून बनवलेलं सिरम किलोमागे 20 युनिट लागतं. ते खासगीत मिळतं, एकेक बाटली काही हजारांची, आणि माझ्या वजनाला 300 युनिटच्या पाच बाटल्या लागल्या असत्या. तिसरा पर्याय मोनोक्लोनल, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या, प्रतिद्रव्यांचा. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचं असं औषध आहे, त्याची मात्रा किलोमागे 3.33 युनिट. आकडा एवढा लहान कसा म्हणून दचकू नका. औषधच वेगळं आहे. घोड्याचं सिरम ‘हलकं’ आणि माणसाचं ‘भारी’ अशी बाजारात समजूत आहे. ‘भारी’ परवडत नाही म्हणून लोक काहीच न घेता घरी जातात, हे त्याहून कितीतरी वाईट.

देण्याआधी दोन प्रश्न विचारले गेले. कधी सापाच्या विषावरचं इंजेक्शन घेतलं होतं का? कुठल्या औषधाची ॲलर्जी? सापावरचं औषधही घोड्याच्या रक्तापासूनच बनतं, म्हणून हा प्रश्न. मग हाताच्या कातडीत चाचणीचा थेंब टोचून पंधरा मिनिटं थांबवलं. जागतिक आरोग्य संघटना ही चाचणी गरजेची मानत नाही, पण कित्येक ठिकाणी अजून करतात. वाद घालण्यात अर्थ नाही. आपण एवढंच बघावं की बाजूच्या ट्रेमध्ये ॲड्रिनलिन (जोराची ॲलर्जी उठली तर द्यायचं औषध) काढून ठेवलेलं आहे.

बोटात सिरम टोचणं हा या प्रवासातला सगळ्यात दुखरा भाग. डॉक्टरांनी जखम पुन्हा धुतली, बारीक सुई घेतली आणि भोकाच्या कडेने आत, मग दिशा बदलून पुन्हा आत, असं करत प्रत्येक भोकाच्या तळापर्यंत थोडं थोडं सोडलं. “बोटात जास्त मावत नाही. पांढरं पडलं की मी थांबणार,” त्या आधीच म्हणाल्या होत्या. तर्जनीची कातडी ताणून मेणासारखी पांढरी झाली, त्या थांबल्या, रंग परत येईपर्यंत वाट पाहिली आणि मगच पुढच्या भोकाकडे वळल्या. घाईने जास्त भरलं तर बोटाचा रक्तपुरवठाच अडतो. अंगठ्याच्या गादीत जास्त मावलं. सगळं मिळून दोन मिलीच्या आसपास गेलं असेल. म्हणजे हिशोबातले आठ मिली ही वरची मर्यादा असते, सगळं संपवायचंच असं नाही. उरलेलं पूर्वी मांडीत टोचत. त्याचा फारसा उपयोग नाही असं दिसल्याने आता ते त्याच वेळच्या पुढच्या पेशंटला वापरतात. इथे ते पोटरीला कुत्रं चावलेल्या मुलाला दिलं. उलटी गोष्टही घडते: जखमा पुष्कळ असतील आणि सिरम पुरत नसेल, तर सलाइन मिसळून वाढवतात, म्हणजे प्रत्येक जखमेत थोडं तरी पोचतं.

तुमच्या जखमेला हात न लावता सगळंच सिरम मांडीत किंवा कुल्ल्यात द्यायला निघाले, तर नम्रपणे पण ठाम विचारा: “जखमेत देणार ना?” मला हा प्रश्न विचारायची वेळ आली नाही. रांगेतल्या एका आजोबांच्या नातवावर आली होती, दुसरीकडे कुठेतरी. म्हणून ते इथवर आले होते.

टाका कुणी घातला नाही, आणि तेच बरोबर. चाव्याची जखम लगेच शिवली की सुई विषाणूला नवी वाट करून देते. चेहऱ्यावर फाटलं असेल आणि शिवल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर आधी सिरम, काही तासांनी सैल टाके, तेही कमीत कमी.

अर्धा तास बसवून ठेवलं आणि ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडच्या गोळ्या पाच दिवसांच्या दिल्या. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर इथेच सांगायचं. बोटाबद्दल तंबी मिळाली, ती जशीच्या तशी देते: सबंध बोट सारखं सुजलं, आपोआप वाकलेलंच राहायला लागलं, सरळ करताना जीव जातोय असं दुखलं किंवा तळव्याच्या बाजूने कंडरेच्या (बोट वाकवणाऱ्या दोरीसारख्या शिरेच्या) रेषेत दाबल्यावर कळ आली, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सर्जन. पू कंडरेच्या आवरणात उतरला असेल तर एकदोन दिवसांत बोट कायमचं आखडतं. माझं तिथवर गेलं नाही. हात उशीवर, छातीच्या पातळीच्या वर ठेवून झोपले. बुधवारी सूज निम्मी. सिव्हिलमधून त्या सोमवारी दुपारी एक-चाळीसला मोकळी झाले होते. केसपेपरच्या रांगेपासून पाच तास दहा मिनिटं. डबा आणि पाणी न्या.

घोड्याच्या सिरमनंतर आठवडा-दहा दिवसांनी कुणाकुणाला अंगावर गांधी, सांधेदुखी, ताप येतो. मनगटांवर दोन दिवस थोडी खाज सुटली, एवढंच माझ्या वाट्याला आलं. तसं झालं तर दवाखान्यात दाखवा. लस मात्र बंद करायची नाही.

मंगळवारी संक्रांत. “तीळ उष्ण, विषावर चालत नाहीत,” असा घरातून हुकूम निघाला. पथ्य काहीही नाही. तिळगूळ, गुळपोळी, वांगं, मासे, अंडी, सगळं चालतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही लस आणि सिरम दोन्ही देतात, थांबवत नाहीत. सांगायचं असेल ते वेगळंच: स्टेरॉइड, कॅन्सरची औषधं, एचआयव्ही, हिवतापाची क्लोरोक्विन चालू असेल तर लस देणाऱ्याला आधी सांगा, कारण अशा माणसांत लस कमी धरू शकते आणि द्यायची पद्धत बदलावी लागते.

बुधवार, 15 जानेवारी, तिसरा दिवस. किंक्रांत असल्यामुळे “आज सुई नको, उद्या जा” असा आग्रह झाला. गेले. ग्रामीण रुग्णालय, दोन दंड, दोन फुगे, पाऊण तास. दिवस मोजताना चाव्याचा नव्हे, पहिल्या डोसचा दिवस शून्य धरायचा. कातडीतल्या पद्धतीत 0, 3, 7 आणि 28. खासगीत स्नायूमध्ये अख्खी बाटली देतात, तिथे 0, 3, 7, 14 आणि 28 असे पाच डोस. ‘मला पाच लागले, तुला चारच कसे, सरकारी म्हणून वाचवतात का’ हा प्रश्न तीन पाहुण्यांनी विचारला. दोन्ही पद्धती पूर्ण आहेत. मध्येच पद्धत बदलणं शक्यतो टाळावं. बदलावीच लागली तर कार्ड घेऊन जावं.

वयस्क मंडळींचा आणखी एक प्रश्न: “बेंबीभोवती चौदा ना?” ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस. डेव्हिड सेंपल यांनी ती कसौलीला विकसित केली होती. भारतात तिचं उत्पादन 2004 च्या अखेरीस बंद झालं. ती भीती अजून गावात आहे, आणि तिच्यापायी लोक चावा लपवतात, विशेषतः मुलं. मुलाच्या अंगावर बारीक ओरखडा दिसला तर न ओरडता विचारा.

पहिला डोस रविवारी पडला की सातवा, चौदावा आणि अठ्ठाविसावा दिवसही रविवारच. साधं गणित आहे, पण ते माझ्या लक्षात आलं 19 जानेवारीला, लसीच्या फ्रीजची किल्ली असलेल्या माणसाची वाट बघत बसले तेव्हा. एक तास चाळीस मिनिटं. पुढच्या वेळेसाठी त्याच दिवशी विचारून ठेवलं: रविवारी कोण असतं, किती वाजता यायचं. डोसच्या दिवशी सुटी येत असेल तर तुम्हीही तिसऱ्या दिवशीच विचारा. एखादा डोस चुकलाच तर मिळेल त्या पहिल्या दिवशी घ्यायचा आणि तिथून पुढे चालायचं. पहिल्यापासून सुरू करत नाहीत. ठरल्या दिवसाच्या आधी मात्र घेऊ नये.

दहा दिवसांची नजर हा आणखी एक घोळाचा विषय. कुत्रा किंवा मांजर चावल्यावर दहा दिवस ठणठणीत राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात. हा नियम फक्त या दोन प्राण्यांना. माकड, मुंगूस, गाय-म्हैस यांना नाही. नजर ठेवायची ती उपचार सुरू करून, उपचार थांबवून नव्हे. 22 जानेवारीला, म्हणजे बरोबर दहाव्या दिवशी, सासूबाईंनी कौलावर राखाडी मांजर दाखवलं. “हे बघ, मस्त आहे. आता कशाला सुया?” पट्टे होते. पण त्याच गल्लीत राखाडी पट्ट्यांची निदान तीन मांजरं फिरतात, आणि मागच्या पायावर सुतळीचा वळ आहे का ते तेवढ्या लांबून दिसेना. डॉक्टरांना विचारलं. त्यांचं उत्तर दोन भागांत होतं. तेच जनावर आहे याची खात्री नसेल तर ही नजर मोजायची नाही. आणि खात्री असली तरी कातडीतल्या पद्धतीत चारही डोस पुरे करायचे. स्नायूतल्या पद्धतीत चौदाव्या दिवसाचा डोस गाळता येतो, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

रविवार, 9 फेब्रुवारी. शेवटचा डोस, वीस मिनिटांत. बोट तोवर बरं झालं होतं. वाकवताना अंगठ्याच्या बाजूला किंचित ओढल्यासारखं वाटतं, तेवढंच. दवाखान्याचे 150, बीटाडीन-कापूस, एसटी आणि पेट्रोल धरून सगळा खर्च साडेसहाशेच्या आसपास, आणि कामाचे दोन दिवस बुडाले.

कार्डाच्या चौथ्या चौकटीत तारीख, बॅच नंबर आणि सही झाली का ते उठायच्या आधी बघून घेतलं. त्याचा फोटो काढून घरातल्या तिघांना पाठवला आणि कार्ड आधारच्या पाकिटात ठेवलं. पुढे कधी पुन्हा चावा झाला तर हे कार्ड दाखवल्यावर सिरम लागत नाही. 0 आणि 3 असे दोनच दिवस लस, धुणं मात्र तेवढंच, पंधरा मिनिटं. कार्ड हरवलं आणि पुरावा नसला, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, बोटातल्या सिरमसकट.